निरोगी आईच्या शरीरातले जिवाणू



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी या तालुक्यात आयुष्यभर बाळंतपणं केली. त्यामुळे विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेली बाई आहे. बाळंतपणाच्या खोलीत माझं जाणं-येणं कमी, पण त्या खोलीतून निघालेले स्वॅब माझ्या टेबलावर येत आणि त्यांचे रिपोर्ट परत त्या खोलीत जात. या दोन खोल्यांच्या मधलं जे आहे, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

मूल होण्याच्या वयातल्या, धडधाकट, कसलीही तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या शरीरात काही जिवाणू राहतात. त्या स्त्रीला त्यांचा उपद्रव नसतो. पण वेळ आली की तेच जिवाणू तिच्या बाळाच्या, क्वचित तिच्याही जिवावर उठतात. असे जिवाणू पुष्कळ आहेत. सगळ्यांची नावं वाचून दाखवण्यापेक्षा एकाचीच हकीकत नीट सांगावी, असं मी ठरवलं आहे. त्याचं नाव 'ब' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. डॉक्टर मंडळी त्याला जीबीएस म्हणतात, मीही तेच म्हणेन.

हा जिवाणू मुळात आतड्यात राहतो. तिथून तो योनिमार्गात आणि कधी मूत्रमार्गात पोचतो. जगभरातल्या अभ्यासांची सरासरी काढली तर १०० गरोदर स्त्रियांपैकी साधारण १८ जणींमध्ये तो सापडतो. कॅरिबियन बेटांवर हे प्रमाण ३५च्या घरात आहे, दक्षिण आशियात १२-१३. पुरुषांच्या आतड्यातही तो असतो, पण बाळंतपण त्यांच्या वाट्याला येत नसल्यामुळे त्यांची तपासणी करण्याचं कारण पडत नाही. तो कायमचा वस्तीला नसतो. येतो, काही आठवडे राहतो, निघून जातो, पुन्हा येतो. पाचव्या महिन्यात सापडलेला नवव्या महिन्यात सापडेलच असं नाही, आणि पाचव्यात नव्हता म्हणून नवव्यात नसेल असंही नाही. पुढे जे सांगायचं आहे, त्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पहिला प्रश्न येतो, "हे कुठून आलं?" बहुतेक वेळा तो बाई स्वतः विचारत नाही. बरोबर आलेलं कोणीतरी विचारतं, आणि विचारताना डॉक्टरकडे न बघता तिच्याकडे बघतं. म्हणून उत्तर स्पष्ट शब्दांत द्यायला हवं. हा जिवाणू लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगांत मोडत नाही. नवऱ्याला औषध देण्याची गरज नसते. तो अस्वच्छतेमुळे येत नाही, बाहेरचं खाल्ल्यामुळे येत नाही, माहेरी राहिल्यामुळे येत नाही. जंतुनाशक टाकून आतून धुतल्याने तो जात नाही. तशा धुण्याने उलट योनिमार्गातले उपकारक लॅक्टोबॅसिलस मरतात आणि दुसऱ्याच तक्रारी सुरू होतात. आपल्याकडे घरात काही वाईट घडलं की नव्या सुनेचा पायगुण काढायची पद्धत आहे. प्रयोगशाळेच्या रिपोर्टने त्या पद्धतीला नवं साधन पुरवता कामा नये. रिपोर्ट देणाऱ्याने कागदासोबत दोन वाक्यं बोलायला हवीत. ही जबाबदारी माझ्या पेशाचीही आहे असं मी मानते.

हे मी जोर देऊन सांगते, कारण निरोगी माणसाच्या अंगी जंतू आढळला की त्या माणसालाच गुन्हेगार ठरवण्याचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात बायका जास्त भरडल्या गेल्या आहेत. इंग्रज सरकारने १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची नोंदणी करायची, सक्तीने तपासणी करायची आणि रोग दिसला तर इस्पितळात डांबायचं, असा तो कायदा होता. मुंबईतही तो लागू झाला होता. तपासणी बाईची व्हायची, तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची नाही. तो रद्द व्हायला १८८८ उजाडावं लागलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाच्या आयरिश स्वयंपाकिणीच्या पोटात विषमज्वराचे जिवाणू सापडले. ती स्वतः ठणठणीत होती. १९०७ साली तिला पकडून एका बेटावर ठेवलं, १९१० साली सोडलं, १९१५ साली पुन्हा धरलं, आणि १९३८ साली ती तिथेच वारली. तिच्यासारखे निरोगी वाहक त्याच शहरात शेकड्यांनी होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही वाट्याला इतका दीर्घ बंदिवास आला नाही. मेरीच्या हातच्या अन्नाने माणसं आजारी पडली हे खरं आहे. तरीही तिच्याशी झालेलं वागणं न्याय्य नव्हतं असंच माझं मत आहे.

बाळंतपणाच्या बाबतीत तर जंतू वाहून नेणारे हात बराच काळ आईचे नव्हतेच. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात डॉ. अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. शहरात बाळंतरोगाची साथ आली होती. गॉर्डननी आजारी पडलेल्या प्रत्येक बाळंतिणीची नोंद ठेवली आणि तिच्या नावापुढे तिचं बाळंतपण कोणी केलं तेही लिहिलं. त्या तक्त्यावरून एक गोष्ट लख्ख दिसली. ठरावीक सुइणी आणि ठरावीक डॉक्टर जिथे गेले, तिथेच ताप गेला. त्या यादीत गॉर्डन स्वतः होते, आणि आपल्या हातून कितीतरी बायकांपर्यंत रोग पोचला हे त्यांनी छापून टाकलं. गावाने त्यांना माफ केलं नाही. जिवाणू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नसलेल्या काळात केवळ नोंदवहीच्या बळावर एवढा निष्कर्ष काढणारा आणि तो स्वतःलाही लावणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. १८४७ साली व्हिएन्नामध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि प्रसूतिगृहातले मृत्यू एकदम खाली आले, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. गॉर्डनना फारसं कोणी ओळखत नाही.

यानंतरचा टप्पा १९३०च्या दशकातला, आणि आपल्या जिवाणूची गोष्ट खरी इथे सुरू होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रेबेका लान्सफील्ड काम करत होत्या. रक्तातल्या पेशी फोडणारे स्ट्रेप्टोकॉकस वरवर सारखेच दिसतात. लान्सफील्डबाईंनी त्यांच्या आवरणातल्या शर्करायुक्त पदार्थांवरून त्यांचे गट पाडले आणि १९३३ साली ते प्रसिद्ध केले. 'अ' गटाचे मुख्यतः आजारी माणसांत मिळाले. 'ब' गटाचे मिळाले गाईंकडून. कासेचा दाह, ज्याला आपले शेतकरी दगडी म्हणतात, तो करणारा जिवाणू म्हणून पशुवैद्य त्याला एकोणिसाव्या शतकापासूनच ओळखत होते. १९३५ साली लान्सफील्ड आणि लंडनचे रोनाल्ड हेअर यांनी बाळंतिणींकडून मिळालेले स्ट्रेप्टोकॉकस तपासले. ज्या बायका बाळंतरोगाने गंभीर आजारी होत्या, त्यांच्याकडे जवळपास सगळा 'अ' गट. ज्यांना तापही नव्हता, त्यांच्या योनिमार्गात 'ब' आणि इतर गट. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. डोरा कोलब्रूक यांनी दाखवून दिलं, की बाळंतिणीला मारणारा 'अ' गट पुष्कळदा बाळंतपण करणाऱ्यांच्या किंवा घरातल्या माणसांच्या घशातून, नाकातून आलेला असतो.

दोन्ही कामं अव्वल दर्जाची होती. पण त्यांच्या एकत्र वाचनातून वैद्यकाने एक समजूत करून घेतली, की 'अ' गट घातक आणि 'ब' गट निरुपद्रवी. १९३८ साली 'ब' गटाने तीन बाळंतिणी दगावल्याचं लंडनमधूनच छापून आलं, तरी ती समजूत फारशी हलली नाही. कारण अभ्यास आईवर चालला होता. त्या बिनतापाच्या, निरोगी, 'ब' गट बाळगणाऱ्या बायकांच्या बाळांचं पुढे काय झालं, हे कोणी पाहत नव्हतं. जन्मल्यावर दोन दिवसांत गेलेलं मूल त्या काळी अशक्त निपजलं म्हणून नोंदलं जायचं, आणि आपल्या गावांत तर ते नोंदलंही जात नसे. जिवाणू निरुपद्रवी आहे असं म्हणताना कोणाला निरुपद्रवी हे विचारायचं राहून गेलं, आणि ते राहिलं म्हणून तीस वर्षं गेली.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांतून बातम्या येऊ लागल्या आणि १९७०च्या दशकात चित्र पुरतं स्पष्ट झालं. नवजात बाळांच्या रक्तात आणि मेंदूच्या आवरणात सर्वाधिक वेळा सापडणारा जिवाणू तिथे जीबीएस ठरला. त्या सुरुवातीच्या काळात आजारी पडलेल्या बाळांपैकी निम्म्यापर्यंत बाळं दगावत होती.

हे नेमकं घडतं कसं? नऊ महिने बाळ गर्भजलाच्या पिशवीत असतं. कळा सुरू होतात, पाणमोट फुटते आणि योनिमार्गातले जिवाणू वर सरकायला वाट मोकळी होते. बाळ ते पाणी गिळतं, श्वासाबरोबर फुप्फुसात ओढतं. आई जीबीएस बाळगत असेल आणि काहीच उपाय केला नाही, तर सुमारे निम्म्या बाळांच्या अंगावर तो उतरतो. त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. वाहक आईच्या १०० बाळांमागे एक किंवा दोन बाळं आजारी पडतात. मात्र जी पडतात ती झपाट्याने. जन्मल्यावर चांगलं रडलेलं, गुलाबी बाळ काही तासांत कण्हायला लागतं. कण्हणं म्हणजे प्रत्येक उच्छ्वासाला येणारा बारीक, घुसमटलेला आवाज. अनुभवी नर्स तो खोलीच्या दारातून ओळखते. मग छातीच्या बरगड्यांखाली खड्डे पडू लागतात, बाळ अंगावर ओढेनासं होतं, अंग गार पडतं, आणि नातेवाईक व्हरांड्यात एकमेकांना सांगतात की बाळाला काचेत ठेवलंय. यातली बहुतेक बाळं पहिल्या चोवीस तासांतच आजारी पडतात. पुस्तकात या प्रकाराची मर्यादा जन्मापासून सहा दिवसांपर्यंत धरली आहे. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाईची पूजा होते. हा पहिला आठवडा जोखमीचा असतो हे आपल्या आज्या-पणज्यांना दुःखातून कळलेलं होतं.

आता या हकीकतीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. १०० वाहक आयांपैकी ९८ जणींची बाळं सुखरूप का राहतात? १९७६ साली कॅरोल बेकर आणि डेनिस कॅस्पर यांनी याचं मोठं उत्तर दिलं. त्यांनी आयांच्या रक्तातली जीबीएसविरोधी प्रतिपिंडं मोजली. ज्यांची बाळं आजारी पडली होती, त्या आयांच्या रक्तात ती फार कमी होती. ज्यांच्या अंगी तोच जिवाणू असूनही बाळं सुखरूप होती, त्यांच्या रक्तात ती बऱ्यापैकी होती. म्हणजे जिवाणू अंगी बाळगता बाळगता आईचं शरीर त्याच्याशी ओळख करून घेतं, हत्यार घडवतं आणि वारेतून ते बाळाकडे पाठवतं. हा पुरवठा मुख्यतः शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होतो, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धोका जास्त. ज्या शरीरातून जंतू येतो, त्याच शरीरातून संरक्षणही येतं. जिवाणू बाळगणाऱ्या आईला दोष देणाऱ्यांनी शास्त्राचा हा अर्धा भाग वाचलेला नसतो.

उपाय शोधताना आधी सोपा वाटणारा मार्ग चाचपून पाहिला गेला. गरोदरपणात जिवाणू सापडला की लगेच गोळ्या द्यायच्या आणि तो घालवून टाकायचा. तो फसला. गोळ्या थांबल्या की आतड्यातून जिवाणू परत येतो, आणि बाळंतपणाच्या दिवशी पुन्हा हजर असतो. मग शिकागोत केनेथ बॉयर आणि सॅम्युअल गॉटॉफ यांनी वेळच बदलली. त्यांनी औषध दिलं ते प्रत्यक्ष कळा चालू असताना, शिरेतून. १९८६ साली त्यांचे निष्कर्ष आले. ज्या आयांना कळांमध्ये अँपिसिलिन दिलं, त्यांच्या एकाही बाळाच्या रक्तात जीबीएस शिरला नाही. ज्यांना दिलं नव्हतं, त्यांच्यातल्या पाच बाळांच्या रक्तात तो सापडला. यावर आधारून अमेरिकेत १९९६ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि २००२ साली प्रत्येक गरोदर स्त्रीची शेवटच्या महिन्यात तपासणी करण्याचं ठरलं. १९९० साली दर हजार जिवंत जन्मांमागे १.८ बाळांना पहिल्या आठवड्यात हा आजार होत होता. २०१५ साली ते प्रमाण ०.२३ झालं. औषध कोणतं? तेच जुनं पेनिसिलिन. पहिला डोस ५० लाख युनिट, मग प्रसूती होईपर्यंत दर चार तासांनी २५ ते ३० लाख. पेनिसिलिन हाताशी नसेल तर अँपिसिलिन. प्रसूतीच्या आधी किमान चार तास औषध पोचलेलं असलं तर उत्तम. एकोणचाळीस आठवडे ज्या जिवाणूला हात लावायचं कारण नसतं, त्याला या काही तासांतच थोपवायचं असतं.

तपासणीही सांगते, कारण ती साधी आहे आणि ती नीट होत नाही. छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात एक स्वॅब आधी योनिमार्गाच्या तोंडाशी आणि मग तोच गुदद्वाराच्या आत किंचित फिरवायचा. खोल तपासणीची, यंत्र घालण्याची गरज नसते. समजावून सांगितलं तर बाई स्वतःच्या हाताने स्वॅब घेऊ शकते. पण तो थेट रक्ताच्या प्लेटवर घासला तर आतड्यातले बाकीचे जिवाणू इतके माजतात की जीबीएस त्यांच्या गर्दीत दिसतच नाही. म्हणून तो आधी एका खास द्रवात रात्रभर ठेवायचा. त्यातली अँटिबायोटिकं इतरांना दाबतात आणि जीबीएसला वाढू देतात. दुसऱ्या दिवशी त्यातला थेंब मेंढीच्या रक्ताच्या प्लेटवर. त्याच्याही दुसऱ्या दिवशी बारीक, राखाडी ठिपके दिसतात आणि प्रत्येकाभोवती रक्त विरघळल्याची निरुंद, स्वच्छ कड. खात्री करायला आणखी एक चाचणी असते. प्लेटवर स्टॅफिलोकॉकसची एक उभी रेघ ओढायची आणि तिला जवळजवळ टेकेल अशी संशयित जिवाणूची आडवी रेघ. जीबीएस असेल तर दोन रेघा जिथे भेटतात तिथे रक्त विरघळून नेमका बाणाच्या टोकाचा आकार उमटतो. लाल प्लेटवरचं ते पारदर्शक टोक मी असंख्य वेळा पाहिलं आहे, आणि अजूनही ते दिसलं की मन हरखतं. ऑस्ट्रेलियातल्या तिघा संशोधकांनी १९४४ साली ही चाचणी सांगितली. तिला ना महागडं यंत्र लागतं, ना परदेशी किट.

आता आपल्याकडे वळते. आपल्या सरकारी गरोदर तपासणीत हिमोग्लोबिन, लघवी, साखर, एचआयव्ही, सिफिलिस हे सगळं आहे. जीबीएसची तपासणी नेमाने होत नाही. ती सुरू करावी का? माझं उत्तर ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. देशभर सरसकट सुरू करावी, असं मी आज म्हणणार नाही. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशानेही सरसकट तपासणी स्वीकारलेली नाही. तिथे जोखीम पाहून औषध देतात. आणि आपली परिस्थिती अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात जन्मलेल्या बाळांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांच्या रक्तात आघाडीवर होते असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. जीबीएस अगदी मोजका. त्यातले बरेचसे असिनेटोबॅक्टर एकाहून अधिक अँटिबायोटिकांना दाद न देणारे होते. आणि जन्मल्यावर पहिल्या तीन दिवसांतही हेच जिवाणू होते. हे जिवाणू नळाच्या तोंडाशी, सिंकमध्ये, सक्शनच्या नळीत, न धुतलेल्या हातांवर राहतात. म्हणजे गॉर्डन आणि सेमेलवाइस यांनी बोट ठेवलेली जागा आपल्याकडे अजून तशीच आहे. प्रसूतिगृहात साबण नाही, पाणी दुपारनंतर जातं, एका खाटेवर दोन बाळंतिणी, अशा ठिकाणी आईचा स्वॅब तपासण्याआधी भिंतीवरचा नळ दुरुस्त करायला हवा.

पण म्हणून आपल्याकडे जीबीएस नाहीच, असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत स्वॅब फक्त योनिमार्गातून घेतलेला असतो, गुदद्वारातून नाही. तो खास द्रव वापरलेला नसतो. तसं केलं की आकडा खाली येणारच. जीबीएसचं बाळ पहिल्या काही तासांतच जातं, तालुक्याहून जिल्ह्याला नेताना वाटेत जातं, आणि त्याचं रक्त कल्चरला जाण्याआधी अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. शोधायची पद्धतच अशी असली तर सापडत नाही याला फारसा अर्थ उरत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं नीट पाहिलं गेलं, तिथे जीबीएसची बाळं सापडत आली आहेत.

मग आज काय करावं? जोखमीच्या खुणा पाठ असाव्यात आणि त्यांवर तत्काळ कृती व्हावी. कळांमध्ये आईला ताप, पाणमोट फुटून १८ तास उलटलेले, ३७ आठवड्यांच्या आतली प्रसूती, याआधीच्या बाळाला जीबीएसचा आजार झालेला, या गरोदरपणात लघवीत जीबीएस सापडलेला. यांपैकी एक जरी असेल तर शिरेतून औषध. महाराष्ट्रात आता ९४ टक्क्यांहून अधिक बाळंतपणं रुग्णालयात होतात, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवलं आहे. म्हणजे जागा आहे, सलाइन आहे, औषध आहे. अडचण वेळेची आहे. बाई कळा सोसत घरी थांबते, गाडी उशिरा मिळते, आणि ती पोचते तेव्हा चार तास उरलेले नसतात. पाणमोट किती वाजता फुटली हे घरच्यांनी घड्याळ बघून लक्षात ठेवावं आणि दवाखान्यात पोचल्याबरोबर सांगावं. एवढ्या माहितीवर डॉक्टरचा निर्णय बदलतो.

दुसऱ्या टोकाची चूकही आपल्याकडे सर्रास होते. काही कारण नसताना प्रत्येक बाळंतिणीला अँटिबायोटिक. जागतिक आरोग्य संघटनेने साध्या, सुरळीत बाळंतपणात ते देऊ नये असं सांगितलं आहे. सरसकट औषधाने काय साधतं आणि काय साधत नाही, याचा मोठा प्रयोग सात देशांत झाला. त्यात आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगावही होतं. २९ हजारांहून अधिक स्त्रियांना कळांमध्ये तोंडाने एकच डोस दिला गेला, काहींना अझिथ्रोमायसिनचा, काहींना औषध नसलेल्या गोळ्यांचा. २०२३ साली निष्कर्ष आले. आईला होणारा गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. आयांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. बाळांच्या बाबतीत मात्र काहीही फरक पडला नाही. म्हणजे इथेही आई आणि बाळ यांचे हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात. आणि दर बाळंतपणाला अझिथ्रोमायसिन वाटलं तर काही वर्षांत जिवाणू त्याला किती जुमानतील, याची काळजी मला वाटते.

राणी आणि अभय बंग यांचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रात या विषयावर बोलणं पुरं होत नाही. त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. या ९२ टक्क्यांचा आणि माझ्या आजच्या विषयाचा गोंधळ मात्र करू नका. तिथे सापडले ते आजार होते. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, जंतुसंसर्ग, आणि बायका ते मुकाट सोसत होत्या. त्यांना उपचार हवेच होते. जीबीएस नुसता अंगी असणं हा आजार नाही, आणि त्यावर महिनाभर कॅप्सूल खाणं व्यर्थ आहे. एकीकडे खऱ्या दुखण्याकडे दुर्लक्ष आणि दुसरीकडे नुसत्या रिपोर्टवर औषधांचा मारा, हे दोन्ही आपल्याकडे एकाच तालुक्यात, कधी एकाच बाईच्या बाबतीत घडतं. त्याच गडचिरोलीत पुढे गावातल्याच आरोग्यदूत बायकांनी बाळाचा जंतुसंसर्ग घरी ओळखायचा आणि इंजेक्शन द्यायचं शिकून घेतलं. नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं, हे १९९९ साली जगापुढे आलं. आज आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरल्या दिवशी भेट देतात, त्या कामाचा उगम तिथला आहे.

या भेटींचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. जीबीएसचा उशिरा होणारा आजार सातव्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत गाठू शकतो. त्यात मेंदूच्या आवरणाचा दाह जास्त दिसतो आणि वाचलेल्या काही मुलांना पुढे ऐकण्यात, चालण्यात, शिकण्यात अडचणी राहतात. कळांमध्ये दिलेल्या औषधाने हा आजार टळत नाही. बाळ दूध ओढायचं थांबलं, झोपेतून जागं होत नाही, अंग तापलं किंवा गार पडलं, टाळू फुगली, तर रात्री किती वाजले आहेत हे न बघता दवाखाना गाठायचा.

उशिराचा आजार, गर्भातच जाणारी बाळं, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, या सगळ्याला एकच उपाय पोचू शकेल, तो म्हणजे आईला देण्याची लस. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे दोन कोटी गरोदर स्त्रिया जीबीएस बाळगत होत्या, ४६ हजार बाळं त्याच्यामुळे पोटात गेली आणि ५८ ते ९२ हजार तान्ही मुलं दगावली. बेकर आणि कॅस्पर यांनी दाखवलेली प्रतिपिंडं सगळ्याच आयांच्या रक्तात पुरेशी तयार करायची, हा लसीमागचा विचार. सहा उपप्रकारांविरुद्धच्या एका लसीची चाचणी दक्षिण आफ्रिकेतल्या गरोदर स्त्रियांवर झाली आणि २०२३ साली तिचे आशादायक निष्कर्ष आले. अशी लस हाती आली तर ती वाडीवस्तीपर्यंत नेणारी यंत्रणा आपल्याकडे तयार आहे. गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन देता देता आपण २०१५ साली माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनाचा टप्पा गाठला.

पण जीबीएसचे उपप्रकार दहा आहेत आणि लस त्यांतल्या सहांवर. विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात आपल्या आयांच्या अंगी यांतले कोणते आहेत, हे आपण आधी पाहून ठेवायला हवं. त्यासाठी राज्यातल्या काही जिल्हा रुग्णालयांत तरी दोन्ही जागांचा स्वॅब, तो खास द्रव आणि बाणाची चाचणी एवढं सुरू व्हावं, आणि वाढलेला प्रत्येक जीबीएस प्लेटबरोबर फेकून न देता जपून ठेवला जावा. उणे ८० अंशांचे फ्रीझर कोविडच्या काळात बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांत आले आहेत. त्यातला एक कप्पा या जिवाणूंसाठी द्यावा, एवढी मागणी मी माझ्या क्षेत्रातल्या सहकाऱ्यांकडे करत आले आहे, आणि आज या सभेत जे डॉक्टर आणि तंत्रज्ञ बसले आहेत, त्यांच्याकडेही करते.